रोगनिदानात प्रतिबिंब-डीएनएची साक्ष

तेरेखोल नदी सह्याद्रीत मनोहरगडाच्या परिसरात उगम पावते, बांद्यावरून खाली येते आणि पुढे महाराष्ट्र व गोवा यांची सीमा आखीत तेरेखोलच्या किल्ल्याखाली अरबी समुद्रास मिळते. तेरेखोल हे गाव पेडणे तालुक्यातले, म्हणजे गोव्याचे. परंतु ते वसले आहे नदीच्या उत्तर तीरावर. त्यामुळे उर्वरित गोव्याशी त्याचा सरळ संबंध येतो तो केरीच्या फेरीबोटीने. रस्त्याने जावयाचे तर महाराष्ट्राच्या भूमीवरून वळसा घ्यावा लागतो. अशा गावात कोणास ताप आला, तर रोगी कोठे न्यावा आणि त्याचे रक्त कोठे तपासावे, हे प्रश्न औषधाइतकेच महत्त्वाचे ठरतात. एका थेंबभर रक्ताचा प्रवास कसा आखूड करता येईल, हा प्रस्तुत विषयाचा गाभा आहे. आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात, आश्चर्य वाटेल, पण आरशातल्या प्रतिबिंबाचा वाटा आहे.

या नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या वनप्रदेशात अलीकडच्या काळात माकडतापाने पाऊल ठेवले. हा रोग प्रथम १९५७ मध्ये त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात आढळला. जंगलातील माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडू लागली, म्हणून लोकांनी त्यास हे नाव दिले. पुण्यास १९५२ मध्ये स्थापन झालेल्या विषाणु-संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या रोगाचा विषाणू शोधून काढला. तेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. पुढे अनेक वर्षे हा ताप कर्नाटकाच्या त्याच भागापुरता राहिला. परंतु २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात आणि २०१७ मध्ये बांद्याच्या परिसरात माणसांमध्ये आढळून आला.

हा विषाणू माणसापर्यंत पोचतो तो गोचिडीच्या चाव्यातून. गोचिडीची पिल्ले पावसाळा संपल्यावर वाढू लागतात आणि उन्हाळा संपेपर्यंत त्यांचा उपद्रव राहतो. नेमका हाच काळ काजूच्या हंगामाचा. पहाटे डोंगरउतारावर जावे, पाचोळ्यात पडलेली बोंडे वेचावी, बिया पिळून वेगळ्या कराव्या, हे काम करणाऱ्या माणसाचे हातपाय दिवसभर त्याच पाचोळ्यात असतात. गोव्यातील काजूच्या बागांत राबणाऱ्या लोकांनाच या तापाचा धोका अधिक असतो, हे संशोधकांनी केलेल्या पाहणीतून दिसून आले आहे. म्हणजे ज्या हंगामावर वर्षाची मिळकत अवलंबून, तोच हंगाम रोगाचा.

माकडताप सुरू होतो इतर तापांसारखाच: एकाएकी चढणारा ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी आणि विलक्षण थकवा. काही रोग्यांना पुढे रक्तस्राव होतो. शंभरांपैकी तीन ते पाच रोगी दगावतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या विषाणूवर नेमके मारक औषध नाही. परंतु म्हणून निदानाचे महत्त्व कमी होत नाही. डेंगी, लेप्टोस्पायरोसिस आणि माकडताप हे तिन्ही ताप पहिल्या दोन-चार दिवसांत एकमेकांसारखेच दिसतात. लेप्टोस्पायरोसिसवर प्रतिजैविक औषध वेळेवर दिले तर गुण येतो. माकडतापाच्या रोग्यास रुग्णालयात ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. आणि एका रोग्यात तो सापडला, तर त्या वाडीतील इतरांना रानात जाण्यापूर्वी सावध करता येते. हे सारे वेळेवर कळले तरच उपयोगाचे. विषाणू रक्तात सापडतो तो प्रामुख्याने पहिल्या आठवड्यात. नंतर तो ओसरतो आणि मग त्याच्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेल्या प्रतिपिंडांवरून माग काढावा लागतो. सुरुवातीच्या काळात येथील रक्ताचे नमुने पुण्यास किंवा मणिपाल येथे पाठवावे लागत. प्रवासात गेलेला प्रत्येक दिवस हा त्या आठवड्यातूनच वजा होत असे.

रक्तातील विषाणू शोधावयाचा म्हणजे काय करावयाचे? प्रत्येक सजीवाची, तशीच बहुतेक विषाणूंची, ओळख त्याच्या डीएनए अथवा आरएनए या धाग्यात लिहिलेली असते. माकडतापाच्या विषाणूचा धागा आरएनएचा आहे. तपासणीत प्रथम त्याची डीएनएमध्ये नक्कल करून घेतात. परंतु रक्ताच्या थेंबात असे धागे इतके थोडे असतात की, ते तसेच दिसणे अशक्य. म्हणून त्यांची संख्या वाढवितात. ही युक्ती कॅरी मुलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञास १९८३ मध्ये सुचली आणि तिच्यासाठी त्यास १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिचे रूढ नाव पीसीआर.

पीसीआरची कल्पना समजण्यास कोकणातला सुंभ पुरेसा आहे. काथ्याचे दोन पेड एकमेकांभोवती वळले की सुंभ तयार होतो. डीएनएचेही तसेच दोन पेड असतात आणि ते एकमेकांस पूरक असतात. एकावर जे अक्षर असेल त्यास अनुरूप अक्षर दुसऱ्यावर असते. नमुना सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविला की पेड सुटे होतात. मग तो ५५ ते ६० अंशांपर्यंत थंड केला की मुद्दाम घातलेले लहान तुकडे, ज्यांना आरंभक म्हणता येईल, सुट्या पेडावरील आपापल्या जागा हुडकून तेथे चिकटतात. त्या आरंभकांपासून पुढे एक एंझाइम, म्हणजे जैविक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, नवा पेड विणीत जाते. एकाचे दोन झाले. पुन्हा तापविले की दोनाचे चार. अशी ३० आवर्तने पूर्ण झाली आणि प्रत्येक आवर्तन निर्दोष झाले, तर एका धाग्याचे १०७ कोटींहून अधिक धागे होतात. रोग्याच्या रक्तात विषाणूचा धागा असेल, तर तो अशा रीतीने नजरेत भरतो. नसेल, तर आरंभकांना चिकटण्यास जागाच मिळत नाही आणि नळी तशीच राहते.

हे सारे ज्या यंत्रात होते, ते यंत्र पूर्वी वातानुकूलित प्रयोगशाळेबाहेर जात नसे. या बाबतीत गोव्याचे नाव घेण्यासारखे आहे. वेर्णा येथील मॉलबायो या उद्योगाने बेंगळुरूच्या बिगटेक या संशोधनसंस्थेच्या साहाय्याने ट्रूनॅट नावाचे बॅटरीवर चालणारे लहान यंत्र तयार केले. त्यातील रसायने वाळवून लहान नळ्यांत भरलेली असतात. क्षयरोगाच्या निदानासाठी या यंत्राच्या वापरास जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली, आणि त्याच वर्षी कोविडच्या तपासणीसाठीही ते देशभर वापरले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने माकडतापाची तपासणीही या यंत्रावर बसवून पारखून घेतली आहे. अशा रीतीने प्रयोगशाळा रोग्याच्या दाराकडे निघाली आहे.

तथापि यंत्र दाराशी आले, म्हणजे अडचणी संपल्या असे नव्हे. पीसीआरचे यश दोन क्षणांवर अवलंबून असते. एक, पेड पुरतेपणी सुटे झाले का? दोन, आरंभक आपापल्या जागी बसले का? सर्वसाधारण यंत्रास हे दोन्ही प्रश्न प्रत्यक्ष विचारता येत नाहीत. त्याच्याजवळ तापमापक असतो. इतक्या अंशांवर इतके सेकंद, असा कार्यक्रम त्यात आधीच भरलेला असतो. आणि तितके तापमान झाले म्हणजे पेड सुटलेच असतील, असे ते गृहीत धरते. परंतु तापमापक बहुधा धातूच्या पट्टीचे तापमान सांगतो, नळीतल्या थेंबाचे नव्हे. नमुन्यात मीठ कमीअधिक राहून गेले, तर पेड सुटण्याचे तापमानच बदलते. प्रयोगशाळेत या सर्व गोष्टी काटेकोरपणे सांभाळल्या जातात. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालील आरोग्यकेंद्रात त्या सांभाळणे कठीण. आणि चूक झाली, तर ती बोलून दाखवीत नाही. पेड अर्धवट सुटले, आरंभक नीट बसले नाहीत, तर यंत्राचे उत्तर एवढेच असते: विषाणू आढळला नाही. रोगी घरी जातो.

म्हणून असा एक साक्षीदार हवा की, जो नळीच्या आत बसून या दोन क्षणांची वार्ता बाहेर देईल. तो डीएनएसारखाच हवा, म्हणजे डीएनए ज्या तापमानास सुटेल त्याच तापमानास तो सुटेल. आणि तरीही तो डीएनएशी मिसळता कामा नये. नाहीतर साक्षीदारच कटात सामील व्हावयाचा. या दोन अटी परस्परविरोधी वाटतात. एकाच गोष्टीत त्या दोन्ही पूर्ण होतात, आणि ती गोष्ट म्हणजे प्रतिबिंब.

वस्तू आणि तिचे आरशातले प्रतिबिंब यांच्यातील हे नाते विज्ञानास नवे नाही. चिंचेस आंबटपणा देणाऱ्या टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक लुई पाश्चर १८४८ मध्ये पाहत होता. त्यास दिसले की, काही स्फटिकांची कड उजवीकडे कलती आहे, तर काहींची डावीकडे; बाकी सर्व बाबतीत ते सारखे. त्याने चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले. एका ढिगाचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवी, दुसऱ्याचे तितकेच डावीकडे. रेणूंनाही उजवे-डावेपण असते, हे त्या दिवसापासून विज्ञानास कळू लागले. गणपतीच्या डाव्या सोंडेच्या साच्यातून उजव्या सोंडेची मूर्ती निघत नाही, मग माती तीच असो आणि वजनही तेवढेच असो. रेणूंचेही तसेच आहे.

डीएनएच्या धाग्यात एक शर्करा असते आणि तिलाही असे उजवे-डावेपण आहे. सर्व सृष्टीत, माणसापासून शेवाळापर्यंत, तिचे एकच रूप आढळते. शास्त्रज्ञ त्यास डी-रूप म्हणतात. या शर्करेमुळे डीएनएच्या सुंभास उजवा पीळ पडतो. प्रयोगशाळेत याच शर्करेचे उलटे, एल-रूप वापरून धागा तयार केला, तर तोच मजकूर, तीच अक्षरे, तेच बंध. मात्र पीळ डावा. हाच प्रतिबिंब-डीएनए.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, अशी म्हण आहे. लोक ती हट्टी माणसास लावतात. डीएनएच्या बाबतीत ती निराळ्या अर्थाने खरी आहे. तापवून पेड सुटे केले तरी प्रत्येक पेडातील शर्करेचे रूप बदलत नाही, आणि थंड होताच तो आपल्याच जातीच्या पूरक पेडाभोवती पूर्वीच्याच दिशेने वळतो. उजव्या जातीचा पेड आणि डाव्या जातीचा पेड समोरासमोर आले, तर अक्षरे जुळूनही ते एकमेकांवर बसत नाहीत. परंतु त्यांचे पेड सुटण्याचे तापमान मात्र तंतोतंत सारखे असते; कारण मीठ, पाणी आणि उष्णता यांना उजवे-डावे असा भेद ठाऊक नाही. मीठ कमी पडले तर दोन्ही धागे सारखेच ढिले पडतात. जास्त झाले तर दोन्ही सारखेच घट्ट होतात. साक्षीदाराच्या दोन्ही अटी येथे पूर्ण झाल्या.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात नॅशव्हिल येथे व्हँडरबिल्ट विद्यापीठ आहे. तेथील निकोलस ॲडम्स, फ्रेडरिक हॅसल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या गुणाचा उपयोग करून पीसीआरची एक नवी रीत प्रसिद्ध केली. तिला त्यांनी जुळवून घेणारी पीसीआर अशा अर्थाचे नाव दिले. तिच्यात ज्या डीएनएची वाढ करावयाची, त्याचे प्रतिबिंब आणि आरंभकांचेही प्रतिबिंब अल्प प्रमाणात नळीतच घालतात. प्रतिबिंबाच्या एका पेडास प्रकाश देणारा रेणू जोडलेला असतो आणि त्याच्या जोडीदारास तो प्रकाश झाकणारा रेणू. पेड जुळलेले असले की दिवा झाकला जातो. पेड सुटले की दिवा उघडा पडतो.

यंत्राने आता तापमान मोजीत बसण्याचे कारण राहत नाही. ते नळी तापवीत जाते आणि प्रकाशाकडे पाहते. प्रतिबिंबाचे पेड पुरते सुटल्याचे प्रकाशाने सांगितले, म्हणजे खऱ्या डीएनएचेही पेड सुटले. तेथे तापविणे थांबवावयाचे. मग थंड करीत जावयाचे. आरंभकांचे प्रतिबिंब आपल्या जागी बसल्याची खूण मिळाली, म्हणजे खरे आरंभकही बसले. आता पुन्हा तापविण्यास हरकत नाही. मीठ कमी असो वा जास्त, बाहेर थंडी असो वा उकाडा, प्रत्येक आवर्तनात यंत्र त्या थेंबालाच विचारून पुढचे पाऊल टाकते. नेहमीची पीसीआर ज्या परिस्थितीत फसते, अशा परिस्थितीतही ही रीत यशस्वी होते, हे त्या संशोधकांनी दाखवून दिले. भात शिजला की नाही, हे घरातील गृहिणी घड्याळावरून ठरवीत नाही. ती शीत दाबून पाहते. यंत्रास हे शहाणपण प्रतिबिंबामुळे लाभले.

साक्षीदार नळीत असूनही तपासणीत ढवळाढवळ करीत नाही, याचे आणखी एक कारण आहे. नवा पेड विणणारे एंझाइम उजव्या हातमोज्यासारखे असते. त्यात डावा हात शिरत नाही. म्हणून प्रतिबिंबाच्या प्रती निघत नाहीत आणि रोग नसताना तो असल्याचा भास या वाटेने निर्माण होत नाही. डीएनए कुरतडणारी जी एंझाइमे रक्तात आणि मातीत सर्वत्र असतात, तीही प्रतिबिंबापुढे हतबल ठरतात. पेकिंगच्या चिंगह्वा विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रतिबिंब-डीएनएची खूण निसर्गातील पाण्याच्या नमुन्यात वर्षभर वाचता येण्याजोगी राहिली. ती वाचण्यासाठी त्यांना एंझाइमचेही प्रतिबिंब प्रयोगशाळेत घडवावे लागले होते.

या टिकाऊपणाचा आणि अलिप्तपणाचा निदानशास्त्रात दुसराही उपयोग आहे. एकाच काचपट्टीवर अनेक तपासण्या करावयाच्या तर प्रत्येक रेणूने आपल्या ठराविक जागी जाऊन बसणे आवश्यक असते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील कर्करोग-संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये त्यासाठी प्रतिबिंब-डीएनएच्या तुकड्यांचा पत्त्याच्या चिठ्ठीसारखा उपयोग करून दाखविला. पत्ता डाव्या पिळाचा आणि मजकूर उजव्या पिळाचा असल्यामुळे टपालाची गफलत होत नाही. पट्टी एकच राहते. तपासणी बदलली तरी पत्ते तेच चालतात.

असे असले तरी या साधनाकडून भलत्या अपेक्षा करणे योग्य ठरणार नाही. प्रतिबिंब-डीएनए निसर्गात मिळत नाही. तो अक्षरागणिक रासायनिक रीतीने जोडावा लागतो आणि त्यास लागणारी उलटी शर्करा महाग असते. पेड सुटले आणि जुळले एवढीच साक्ष तो देतो. एंझाइमचेच काम बंद पाडणारे रक्तातील घटक नमुन्यात उरले असतील, तर त्यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. रक्त उशिरा घेतले असेल आणि विषाणू ओसरला असेल, तर सर्वांत प्रामाणिक साक्षीदारही जे नाही ते दाखवू शकत नाही. आरोग्यकेंद्रांतून आज वापरात असलेली यंत्रे आपला जुना, तापमापकाचा मार्ग धरूनच चालतात. नवी रीत त्यांच्यापर्यंत पोचविणे हे अभियंत्यांचे काम आहे.

आणखी एका शंकेचे निरसन येथे करावयास हवे. डिसेंबर २०२४ मध्ये निरनिराळ्या देशांतील ३८ शास्त्रज्ञांनी सायन्स या नियतकालिकातून असा इशारा दिला की, संपूर्णपणे प्रतिबिंब-रेणूंनी बनलेले जिवंत जंतू कोणी निर्माण करू नयेत. कारण सजीवांची संरक्षणयंत्रणा त्यांना ओळखू शकणार नाही. हा इशारा गंभीर आहे. परंतु तपासणीच्या नळीतील प्रतिबिंबाचा तुकडा म्हणजे जंतू नव्हे. तो स्वतःची नक्कल करू शकत नाही, वाढत नाही, पसरत नाही. बांधकामातील एका विटेस घर म्हणता येत नाही, तद्वत् या तुकड्यास जीव म्हणता येत नाही. हा भेद ध्यानात ठेवला, म्हणजे भीती आणि उपयोग दोन्ही आपापल्या जागी राहतात.

माणसाने रोगाचा शोध आजवर लक्षणांवरून घेतला, मग सूक्ष्मदर्शकातून घेतला आणि आता रेणूंच्या लेखनातून घेऊ लागला. प्रत्येक पायरीवर साधन अधिक सूक्ष्म झाले. परंतु जेवढे सूक्ष्म तेवढे ते नाजूकही झाले, आणि म्हणून मोठ्या शहरांत अडकून पडले. प्रतिबिंब-डीएनएचे खरे मोल त्याच्या नवलात नाही. सूक्ष्म तपासणीस उकाडा, दमट हवा आणि कमीअधिक झालेले मीठ यांतही आपले काम सांभाळता यावे, ही सोय त्याने दाखवून दिली, यात ते आहे. काजूच्या बागेतून अंग मोडून आलेल्या माणसास आपला ताप कोणता, हे नदीच्या त्याच तीरावर, त्याच दिवशी आणि खात्रीने कळावे, एवढीच त्या साऱ्या खटाटोपाची कसोटी आहे. तेरेखोलच्या धक्क्यावरची शेवटची फेरीबोट सुटून गेली असली, तरी त्यास उत्तरासाठी सकाळची वाट पाहावी लागू नये.